उभ्या उभ्या मार्थाबाई

मार्थाबाईंना बसलेलं पाहायला मला तीन वर्षं लागली. वाढवून सांगत नाही. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, रोज हजेरी घेणारी बाई; कोण बसलंय आणि कोण उभं आहे हे मला मान न वळवता कळतं. शाळेत आल्या की त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. चर्चमध्ये उपासना चालू असताना शेवटच्या बाकामागे उभ्या. चहा दिला तर उभ्यानंच, दोन घोटांत, आणि कप स्वतः विसळून पालथा घालणार. स्कूटीवर सोडते म्हटलं तर नको, पायीच जाणार. आपण बोलत असताना त्यांचा एक पाय निघायच्या बेतात असायचा. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं की मला दिवसभर चैन पडत नसे. काहीतरी करायचं राहून गेलंय असं वाटत राही. माझी बदली होऊन आता वर्ष झालं, तरी मधूनच तसं वाटतं.

गाव मुकुटबनच्या आत, डांबरी रस्ता सोडून आठ किलोमीटर. मी वणीहून स्कूटीवर जायची. कोळशाच्या ट्रकांमागून धूळ खात पोचेपर्यंत डोकं तापलेलं असायचं. त्यात पाचवीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक, आणि दोघांतले एक कायम कुठल्यातरी प्रशिक्षणाला गेलेले. होळीआधीच्या अशाच एका सकाळी मी फळ्यावर लिहीत होते आणि मागून आवाज आला, "पोडावरचे कुठं हायेत?"

वळून पाहिलं तर दारात पासष्टीची एक बाई. पांढरी सुती साडी, रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी. मला आधी वाटलं, कुठली तरी तपासणी आली. मग मुलांनीच सांगितलं की ह्या चर्चच्या मार्थाबाई. नवरा गावातल्या छोट्या चर्चचा पाळक होता, तो वारला. त्या स्वतः दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त झाल्या. मुलगा पुण्याला बोलावत होता, पण यांनी गाव सोडलं नाही.

पोड म्हणजे कोलामांची वस्ती. नाला ओलांडून तीन किलोमीटरवर एक पोड होतं आणि तिथली लेकरं आमच्या पटावर होती, वर्गात नव्हती. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप कापूस वेचायला तेलंगणात जात, लेकरं सोबत नेत. होळीला परत येईपर्यंत वर्ष बुडालेलं असे. हे सगळं मी त्यांना सांगितलं, जरा तोऱ्यातच सांगितलं, आणि वर विचारलं की शाळेचा आणि चर्चचा संबंध काय.

त्या म्हणाल्या, "बाई, ते काहून येत नाई ते तुमी सांगतलं. मी इचारलं, कुठं हायेत." आणि पिशवी सावरून निघूनही गेल्या.

असा संताप आला मला. नोकरी माझी, पट माझा, आणि ही कोण मला विचारणारी? खरं सांगायचं तर चर्चवाल्यांबद्दल माझ्याही मनात किंतु होता. गावात बोलायचे की यांना बाहेरून पैसा येतो, हे गरिबांना धान्य देतात आणि देव बदलवतात. मी ते कानांनी ऐकलं होतं, डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं, पण धरून मात्र चालले होते.

डोळ्यांनी पाहिलं ते पुढच्या दिवाळीनंतर. चर्च म्हणजे कवेलूच्या छपराची एक लांब खोली, तिला लागून मुलांना गाणी शिकवायची दुसरी खोली, आणि अंगणात कडुनिंब. सभासद चौदा घरं, त्यातली बहुतेक मजुरीवर जगणारी. कापणी झाली की त्यांच्यात उपकारस्तुतीचा सण होतो. जो तो आपल्या शेतातलं किंवा मजुरीत मिळालेलं काहीबाही आणून ठेवतो: ज्वारी, मूग, कोहळं, एखादी कोंबडी. मग अंगणात त्याचा लिलाव. हा लिलाव म्हणजे त्यांची वर्षाची करमणूक. एका कोहळ्यावरून दोन साडू इरेला पेटतात आणि बायका हसून हसून बेजार होतात. मार्थाबाईंनी त्या रविवारी सगळ्यांसमोर सांगितलं की यंदा लिलाव नाही. जे आलं ते सगळं मागच्या खोलीतल्या चुलीवर शिजेल. पोडावरची जी लेकरं आईबापाबरोबर जाणार नाहीत ती होळीपर्यंत इथं राहतील, शाळेत जातील. चौदा घरांनी पाळी लावून रांधायचं. पोरी मार्थाबाईंच्या घरी झोपतील, पोरं याकोबभाऊंच्या ओसरीत.

याकोबभाऊ म्हणजे चर्चचे पंच, धंद्यानं शिंपी, स्वभावानं तिरसट. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले की लिलाव नाही तर सण कायचा, आणि माझी ओसरी तुम्ही परस्पर कशी काय देऊन टाकली. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं की धान्य चुलीकडे, पण कोहळ्यांचा लिलाव होणार. मी दारात उभी राहून हे पाहत होते. बाहेरचा पैसा तो हा, असं मनात आलं आणि मला माझीच लाज वाटली.

पहिल्या वर्षी सात लेकरं राहिली. मार्थाबाईंनी एका सकाळी उभ्या उभ्या पोडावरची सगळी घरं केली, कोणाला तापाच्या गोळ्या दिल्या, कोणाला दम दिला, आणि सातांना पुढे घालून घेऊन आल्या. त्यात लेतू नाईकांची नात सुनीता होती. लेतू नाईक म्हणजे पोडाचा प्रमुख माणूस. पोरगी तिसरीत, एवढीशी, आणि तोंडातून शब्द निघेल तर शपथ.

मी त्या सातांना खिडकीजवळ मागे बसवलं. मागे पडलेली मुलं, मागेच बसणार, असा माझा साधा हिशोब. मार्थाबाई दुसऱ्या दिवशी येऊन चौकटीला टेकल्या. पाहत राहिल्या. मग मला बाहेर बोलावून विचारलं की पुढच्या ओळीत कोण कोण बसतं. मी नावं सांगत गेले: सरपंचाचा नातू, दुकानदाराची मुलगी, पोलीस पाटलाचे दोघे. सांगता सांगता माझी जीभ अडखळली. सोमवारपासून मी ओळी फिरवायला लागले, रोज एक ओळ पुढे.

सुनीता पुढे आली तेव्हा कळलं की तिला गणितं तोंडी येतात. मी मराठीत विचारायचे, ती तिच्या बोलीत उत्तर पुटपुटायची आणि मी ‘उत्तर नाही’ म्हणून पुढे जायचे. बोटांवर दाखव म्हटल्यावर तिनं दोन्ही हात वर केले. पहिल्या दिवसापासून ती बरोबर उत्तरं देत होती, बाप्पा, आणि मी तिला बुजरी म्हणत होते.

दुसऱ्या वर्षी लेकरं अकरा झाली आणि तक्रारही झाली. कोणी केली ते मला ठाऊक आहे, पण सांगून काय उपयोग. शाळेच्या मुलांना चर्चमध्ये नेऊन बाटवतात, असं लिहिलं होतं. केंद्रप्रमुख आले, खोली पाहिली, मुलांना पाढे विचारले, चहा प्यायले आणि जाताना मला हळूच म्हणाले की बाई, जरा सांभाळून. तेवढ्यानं माझी झोप उडाली. मी मार्थाबाईंना सांगितलं की मुलं ज्या खोलीत जेवतात तिथून समोर चर्चमधला क्रूस दिसतो, उद्या कोणी फोटो काढला तर माझी नोकरी आणि तुमची खोली दोन्ही जातील.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहते तो क्रूसावर पांढरी साडी. त्यांचीच, धुतलेली, दोन खिळ्यांना ताणून बांधलेली. रविवारी सकाळी त्या ती सोडायच्या, घडी घालायच्या, आणि दुपारी पुन्हा बांधायच्या. याकोबभाऊ भयंकर चिडले. आपल्याच घरात आपल्या देवाला झाकून ठेवायचं म्हणजे काय, पाळकसाहेब असते तर त्यांना काय वाटलं असतं, असं बरंच बोलले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मार्थाबाई म्हणाल्या, "देवाले झाकलं तं देवाले काई होत नाई, भाऊ. लेकराचा बाप घाबरला तं लेकरू जाते." पण हे बोलताना त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मला वाटतं, याकोबभाऊंइतकंच त्यांनाही ते लागलं होतं.

आता तिसरं वर्ष. त्यातली चूक निम्मी माझी आहे. सुनीता पाचवीत गेली होती. आदिवासी मुलांसाठी सरकारी निवासी शाळा असते, सहावीपासून बारावीपर्यंत. तिची प्रवेश परीक्षा जानेवारीच्या सुरुवातीला होती. मी फॉर्म भरला होता. मार्थाबाई रोज दुपारच्या सुट्टीत येऊन उभ्या उभ्या तिला अपूर्णांक विचारायच्या. ही पोरगी निघाली की पोडावरच्या बाकीच्यांना वाट दिसेल, असं आम्ही दोघी बोलायचो. ती नापास झाली असती तर एक वेळ सोसलं असतं. परीक्षेलाच बसली नसती तर मात्र पुढची दिवाळी आली असती आणि सुनीता कमरेला वेचणीची ओटी बांधून कापसात उभी राहिली असती.

डिसेंबरात नाताळ आला. मी म्हटलं, मार्थाबाई, तक्रार करणारे टपून बसलेत. नाताळात लेकरं इथं दिसली, त्यांना गोडधोड वाढलं, तर संपलंच सगळं. सणाचे चार दिवस त्यांना पोडावर म्हाताऱ्यांकडे धाडून द्या. त्यांना ते पटलं. पटलं म्हणजे काय, आम्ही दोघी स्वतःवर खूश होतो, किती जपून वागतोय आपण म्हणून. चोवीस तारखेला सकाळी चर्चच्या अंगणात कढई चढली होती, चौदा घरच्या बायका करंज्या तळत होत्या, आणि त्या वासातून आम्ही अकरा लेकरांना रांगेत उभं करून नाल्याकडे वळवलं. का धाडतोय ते कोणाला सांगितलं नाही. जी गोष्ट आम्हाला एवढी सरळ वाटत होती ती सांगायची काय, असं वाटलं असेल.

ठरल्या दिवशी एकही लेकरू आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शाळा भरली, पुढची ओळ रिकामी. मग उडत उडत कानावर आलं की पोडावरून टेम्पो जाणार आहे तेलंगणात, आणि म्हातारे लेकरांना त्यात बसवून आईबापांकडे पाठवणार आहेत. परीक्षेला सहा दिवस उरले होते.

आम्ही दोघी निघालो. नाल्यात स्कूटी जात नाही, म्हणून मीही पायी. मार्थाबाई पुढे, मी धापा टाकत मागे. पोडाच्या मधोमध चावडी आहे, म्हणजे सारवलेला ओटा आणि वर छप्पर. लेतू नाईक तिथं बांबूच्या कामट्यांची टोपली विणत बसले होते. मार्थाबाईंनी ओट्याशी उभं राहून बोलायला सुरुवात केली. सुनीताची परीक्षा, राहिलेले दिवस, टेम्पो, सगळं. नाईकांनी वर पाहिलं नाही. मार्थाबाईंनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. कामटी आत, कामटी बाहेर, म्हाताऱ्याचे हात चालूच. मग तो टोपलीकडे पाहतच बोलला.

"तीन वरसं झाले तुमी येऊन राह्यल्या, मार्थाबाई. गोळ्या देल्या, लेकरं नेले. आमच्या पोडात कवा बसल्या?"

म्हाताऱ्यानं नवी कामटी उचलली.

"पानी नाई पेल्या कवा. आमी म्हनलं, असते बाईले घाई. मंग तुमचा मोठा सन आला. तिकडं तळून राह्यले होते अन् आमच्या लेकराइले घरी धाडलं. तवा समजलं, घाई नव्हती ते."

मला राहवलं नाही. मी म्हणाले की धाडायचा सल्ला माझा होता, बाईंचा दोष नाही. नाईकांनी आता माझ्याकडे पाहिलं. "तुमी तरी कुठं बसल्या?"

माझ्या आजोबांना कोणी ओसरीवर बसू देत नसे. पाणी वरून ओतायचे. धम्माची दीक्षा घेतल्यावर ते सगळ्यात आधी काय शिकले असतील तर ताठ मानेनं दुसऱ्याच्या खुर्चीवर बसायला, आणि घरी कोणीही आलं तरी त्यांचा पहिला शब्द ‘बसा’ असायचा. त्यांची मी नात. तीन वर्षं पटनोंदणीसाठी पोडावर येत होते, चौकटीपाशी उभी राहून नावं लिहून घेत होते आणि घड्याळ बघत होते. मला कळू नये? मला तर सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं. तिथल्या तिथं तोंड लपवावंसं वाटलं.

मार्थाबाईंनी चपला काढल्या. पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली. ओट्याच्या कडेला हात टेकून त्या वर चढल्या आणि नाईकांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. गुडघे वाजलेले मला ऐकू आले.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. एवढंच. तक्रारीचं काही नाही, केंद्रप्रमुखांचं नाही, आमच्या चांगल्या हेतूचं तर नाहीच.

नाईकांनी घराकडे तोंड करून त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. सुनीता पितळी गडव्यात पाणी घेऊन आली. मार्थाबाई सगळं पाणी प्यायल्या. मीही प्यायले. मग आम्ही बसून राहिलो, कारण नाईकांच्या म्हातारीनं चूल पेटवली होती आणि तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या होत्या. त्या ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी व्हायला आणि भाकरी थापायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक होतं. शाळेत दुसऱ्या शिक्षकाला सांगून आले नव्हते. माझी चुळबुळ चालली होती. मार्थाबाईंकडे पाहिलं तर त्यांचाही उजवा पाय हलत होता. त्यांनी त्या पायावर हात ठेवला आणि दाबून धरला.

जेवताना बोलणं सुटलं. क्रूसावरच्या साडीची गोष्ट तेव्हा निघाली. लेकरांनी ती घरी सांगितली होती, पण का बांधली ते पोडावर कोणालाच माहीत नव्हतं. नाईकांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "सोडून टाका ते. आमाले तुमच्या देवाचं भेव नाई. आमचा आमच्यापाशी हाये." टेम्पोबद्दल मात्र हो की नाही, काहीच बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही. परतताना नाल्याचं पाणी ओलांडताना मार्थाबाई म्हणाल्या की चाळीस वर्षं दवाखान्यात रोग्याला आपण ‘बसा’ म्हणत आलो, आपल्याला ‘बसा’ म्हणायची कोणी वाट पाहतंय हे कधी ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची घंटा झाली आणि फाटकातून अकरा लेकरं आत आली, मागे काठी टेकत लेतू नाईक. मी माझी खुर्ची ओढून त्यांच्यापुढे ठेवली. ते बसले, पूर्ण वर्गाकडे शांतपणे पाहिलं, सुनीता कुठल्या ओळीत आहे ते पाहिलं, आणि पहिला तास संपेपर्यंत उठले नाहीत. फेब्रुवारीत केंद्रप्रमुख पुन्हा आले तेव्हा ‘आमच्या लेकरांचं आम्हाला समजतं’, हे त्यांना नाईकांनीच सांगितलं. साडी त्याआधीच उतरली होती. ती याकोबभाऊंनी स्वतः इस्त्री करून मार्थाबाईंच्या घरी नेऊन दिली.

सुनीता परीक्षेला बसली. यादीत तिचं नाव आलं. त्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली, महागाव तालुक्यात.

निघायच्या दिवशी मी निरोप घ्यायला चर्चवर गेले. याकोबभाऊ म्हणाले की बाई पोडावर आहेत, आजकाल काही काम नसलं तरी जातात. मी चरफडले. टेम्पोत सामान भरून नवरा वणीला माझी वाट पाहत होता, फोनवर फोन येत होते. तरी नाल्यापर्यंत स्कूटी नेली, कोरड्या पात्रातून चालत गेले.

तेंदूपत्त्याचे दिवस. चावडीवर बायका पानांचे पुडे बांधत होत्या आणि त्यांच्यात मार्थाबाई, पाय लांब करून बसलेल्या. त्यांचा पुडा सैल झाला होता आणि नाईकांची म्हातारी तो सोडून पुन्हा बांधून दाखवत होती. पिशवी कुठंतरी कोपऱ्यात पडलेली. मी ओट्यापाशी जाऊन म्हणाले, "मार्थाबाई, येते मी. टेम्पो थांबलाय."

कोणी वर पाहिलं नाही. मार्थाबाईंनीसुद्धा नाही. त्यांनी फक्त मांडीजवळची पानं बाजूला सरकवली आणि रिकाम्या झालेल्या जागेवर तळहातानं दोनदा थोपटलं.

पर्समध्ये फोन वाजत होता. मी चपला काढल्या.